परिषदेला जा, पण 'प्रेरणादायी अनुभव' सांगायला नको

ताई, तुमचा प्रश्न मी काय समजले ते आधी मांडते. तुम्ही डिचोली तालुक्यातल्या. ब्रेस्ट कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं आटोपून आठेक महिने झाले, आता लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोनवरच्या उपचाराची गोळी चालू आहे. ऑक्टोबरमध्ये पणजीजवळच्या दोनापावलच्या एका हॉटेलात स्तनाच्या कर्करोगावर दोन दिवसांची परिषद आहे. डॉक्टर येणार, औषध कंपन्या येणार, संस्था येणार आणि 'रुग्णांचे प्रतिनिधी' येणार. त्यांतल्या एक तुम्ही. आयोजकांनी दहा मिनिटांचा 'प्रेरणादायी अनुभव' सांगायला बोलावलंय. सासूबाई म्हणतात, झालं गेलं ते चारचौघांत कशाला, मुलीचं लग्न व्हायचंय. नवरा म्हणतो, तुला वाटेल ते कर. इंग्रजी कामापुरतं येतं. आणि तुम्ही विचारता, एवढ्या मोठ्या डॉक्टरांत मी जाऊन करणार काय?

मी गोव्यात कर्करुग्णांबरोबर समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते. अशा परिषदांना स्वतः गेले आहे आणि उपचार संपलेल्या बायकांना बरोबर घेऊनही गेले आहे. माझं मत सरळ आहे: जा. फक्त ज्या कामासाठी बोलावलंय ते काम बदलून मागा.

तुम्हाला अडचण इंग्रजीची आणि धीराची वाटते आहे. मला ती तिथे दिसत नाही. तुम्हाला कोणत्या नात्याने बोलावलंय हा खरा प्रश्न आहे. काही परिषदांत समई पेटवून झाली की एका पेशंटला मंचावर आणतात. ती बोलते, सभागृहाचे डोळे ओले होतात, टाळ्या, शाल-श्रीफळ, फोटो. मग ती मागच्या रांगेत जाऊन बसते आणि खरी चर्चा तिच्याशिवाय सुरू होते. दुसऱ्या प्रकारच्या परिषदेत तपासणी, खर्च, उपचारातला उशीर यांवरच्या चर्चेत डॉक्टरांच्या शेजारी पेशंटचीही खुर्ची असते, तिला प्रश्न विचारतात, तिचं उत्तर लिहून घेतात. तुमचं निमंत्रण पहिल्या प्रकारचं आहे की दुसऱ्या, हे कार्यक्रमपत्रिका मागवल्याशिवाय कळणार नाही. ती आजच मागवा. आपलं नाव कुठल्या सत्रात, कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर आहे, ते पाहा. उद्‌घाटनाच्या सत्रात एकटंच असेल तर समजून जा.

डॉक्टरांत बिगरडॉक्टर बाईचं काय काम, याचं उत्तर फार जुनं आहे. अमेरिकेत रोझ कुश्नर नावाची पत्रकार होती. १९७४ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाला. त्या काळी तिकडे पद्धत अशी होती की गाठ तपासायला म्हणून बाईला भूल द्यायची, टेबलावरच तपासणी करायची आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. बाई शुद्धीवर यायची तेव्हा निर्णय होऊन गेलेला असायचा. कुश्नर म्हणाली, आधी बायोप्सी करा, मला शुद्धीवर येऊ द्या, अहवाल दाखवा, मग शस्त्रक्रियेचं बोलू. त्यासाठी ती वर्षानुवर्षं भांडली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने यावर तज्ज्ञांची सहमती परिषद भरवली तेव्हा पॅनेलवर हीही होती. बायोप्सी आणि शस्त्रक्रिया हे दोन वेगळे टप्पे असावेत, असं त्या परिषदेने सांगितलं. आज तुम्हाला बायोप्सीचा अहवाल हातात मिळतो, तुम्ही तो घेऊन घरी येता, चार माणसांना विचारता, आणि मग सर्जनकडे जाता. यामागे तिच्यासारख्या बायकांची भांडणं आहेत. डॉक्टर वाईट नव्हते. आपण करतो तेच बरोबर असं त्यांना मनापासून वाटत होतं, एवढंच. बाहेरून बघणाऱ्या माणसाला जे दिसतं ते आत काम करणाऱ्याला सवयीने दिसेनासं होतं.

आपल्याकडचीही उदाहरणं आहेत. हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेल्या) कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध अनेक वर्षं सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होतं. २०१२ पासून भारतात रुग्णांच्या आणि आरोग्य चळवळीतल्या लोकांनी त्याच्या किमतीविरुद्ध मोहीम चालवली. २०१३ मध्ये मूळ कंपनीने भारतातलं पेटंट सोडून दिलं आणि २०१४ च्या सुरुवातीला देशी कंपनीचं, तुलनेने स्वस्त औषध बाजारात आलं. केरळमधल्या एका पेशंट बाईने पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावरच्या रायबोसिक्लिब या महागड्या औषधासाठी उच्च न्यायालयात धाव घेतली होती. सरकारने सक्तीचा परवाना देऊन हे औषध इतर कंपन्यांना बनवू द्यावं, असं तिचं म्हणणं. २०२२ मध्ये खटला चालू असतानाच ती गेली. न्यायालयाने प्रकरण बंद केलं नाही, स्वतःहून पुढे चालू ठेवलं. आपल्या गोव्यात २०२४ मध्ये सरकारने हर-टू कॅन्सरवरचं पर्टुझुमॅब-ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन मोफत द्यायला सुरुवात केली. त्या इंजेक्शनची किंमत ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा निर्णय केवढा आहे ते ठाऊक आहे.

म्हणजे रुग्ण प्रतिनिधी म्हणून जायचं ते धोरणं ठरवणाऱ्यांच्या कानावर काहीतरी घालायला. स्वतःच्या हिमतीचं प्रदर्शन करायला नाही. गुलाबी फितीचंच बघा. १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियात शार्लट हेली नावाची एक वयस्क बाई घरी बसून पीच रंगाच्या फिती करायची आणि प्रत्येक फितीबरोबर एक कार्ड वाटायची. सरकार कर्करोग टाळण्यावर फार कमी खर्च करतं, लोकप्रतिनिधींना जागं करा, अशी त्यावरची मागणी होती. एका मासिकाने आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने ती फीत मागितली. हिने नकार दिला, हे फार व्यापारी होईल म्हणाली. मग त्यांनी रंग बदलून १९९२ मध्ये गुलाबी फीत काढली. फीत जगभर गेली, कार्डावरची मागणी मागे राहिली. पणजीत मीरामारला ऑक्टोबरमध्ये गुलाबी टी-शर्ट घालून चालणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, मीही चालते. पण दोन दिवस दोनापावलला जाणार असाल तर तुमच्या हातात ते कार्ड असायला हवं.

ते कार्ड कुठून आणायचं? तुमच्या फाईलमधून.

कुठलीही तयारी करायच्या आधी फाईल काढून बसा आणि एका कोऱ्या कागदावर फक्त तारखा लिहा. गाठ पहिल्यांदा हाताला लागली तो दिवस (नक्की आठवत नसेल तर गणेश चवथीच्या आधी की नंतर, असं आठवा, बहुतेकींना तसंच आठवतं). घरात सांगितलं तो दिवस. पहिल्या डॉक्टरला दाखवलं तो. सोनोग्राफी-मॅमोग्राफी. बायोप्सी. अहवाल हातात पडला तो. दीनदयाळ कार्डाची (सरकारी आरोग्य विम्याची) मंजुरी आली तो. शस्त्रक्रिया किंवा पहिली केमो, जे आधी झालं ते. शेवटचं रेडिएशन. मधे केमोचं एखादं सायकल चुकलं असेल तर ते का चुकलं: रक्तातल्या पेशी कमी होत्या म्हणून, बस मिळाली नाही म्हणून, घरात कुणी आजारी होतं म्हणून, की सही करणारे साहेब रजेवर होते म्हणून.

हा कागद मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीकडून करून घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी जो जागतिक उपक्रम सुरू केला त्यात तीन मोजमापं दिली आहेत. निदान होणाऱ्यांपैकी किमान ६० टक्के बायका पहिल्या किंवा दुसऱ्या स्टेजला सापडाव्यात. पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं. आणि ज्यांचे उपचार सुरू झाले त्यांतल्या किमान ८० टक्क्यांचे ते पूर्ण व्हावेत. आता तुमच्या कागदावरचे दिवस मोजा. आरोग्य केंद्रात पहिल्यांदा दाखवलं तिथपासून बायोप्सीचा पक्का अहवाल येईपर्यंत साठाच्या आत आहेत? असतील तर ते कसं जमलं हे सांगण्यासारखं आहे, कारण तसं सगळीकडे जमत नाही. नसतील तर नेमके कुठल्या टप्प्यावर अडकले? गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), म्हापशाच्या आझिलो इस्पितळात, खासगी लॅबमध्ये, की घरातल्या घरात? घरातल्या घरात अडकले असतील तर तेही लिहा, लाजू नका. कितीतरी बायकांचा सगळ्यात मोठा उशीर गाठ लागल्यापासून ती कुणाला तरी सांगेपर्यंतचा असतो, आणि त्यावर मंचावरचे तज्ज्ञ तुमच्याइतकं नेमकं बोलू शकत नाहीत.

तर तुमच्या दहा मिनिटांचं असं करा. आयोजकांना कळवा की मी बोलेन, पण 'गाठ सापडल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत' या विषयावर बोलेन, पाच मिनिटं, मराठीत किंवा कोकणीत, आणि मला तपासणीवरच्या चर्चेत बसवा. चांगले आयोजक आनंदाने हो म्हणतात. जे कुरकुर करतात ते कशासाठी बोलावत होते हे तुम्हाला न विचारताच कळेल. अशा वेळी श्रोता म्हणून जायलाही हरकत नाही.

तपासणीवरच्या चर्चेत तुम्हाला विचारण्यासारखं बरंच आहे. २०२१ मध्ये आपल्याकडे 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' हा कार्यक्रम सुरू झाला, युवराज सिंगच्या यूवीकॅन संस्थेबरोबर. एक लाख बायकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट होतं. आरोग्य केंद्रात हातात धरायच्या उपकरणाने स्तनातला कडकपणा तपासतात, दुखत नाही, किरणं नाहीत. संशय आला तर पुढे सोनोग्राफी, मॅमोग्राफी, लागली तर बायोप्सी. कार्यक्रम चांगलाच आहे. पण माझ्या कामात मला दिसतं ते असं की बाई पहिल्या पायरीवर येते आणि दुसऱ्या पायरीच्या आधी गळते. तिला वाटतं, दुखत तर नाही. किंवा पणजीला कोण घेऊन जाणार. म्हणून माइक हातात आला की एवढंच विचारा: "आरोग्य केंद्रात संशयास्पद निघालेल्या बाईची पुढची तारीख कोण घेतं, ती स्वतः की केंद्र? आणि ती आली नाही तर तिला फोन कोण करतं?" अर्ध्या मिनिटाचा प्रश्न. त्याचं उत्तर 'आम्ही लक्ष घालतो' असं आलं तर नम्रपणे पुन्हा विचारा, कोण.

माइकवर स्वतःची केस मांडू नका. 'माझ्या अहवालात असं आलंय, मी काय करू' हे दोनशे माणसांसमोर विचारायचं नसतं आणि त्याचं नीट उत्तर तिथे कुणी देऊही शकत नाही. चहाच्या वेळीही फाईल उघडून डॉक्टरांच्या मागे लागू नका. आपल्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा, पुढच्या तारखेला उपयोगी पडतात.

इंग्रजीचं म्हणाल तर सगळी भाषणं समजायलाच हवीत असं नाही. डॉक्टरांनाही दुसऱ्याच्या शाखेतलं सगळं समजत नाही, फक्त ते मान हलवत बसतात. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियो इथे दर डिसेंबरला स्तनाच्या कर्करोगावरची फार मोठी परिषद भरते. तिथे संध्याकाळी रुग्ण प्रतिनिधींसाठी वेगळी बैठक असते, दिवसभरात जे मांडलं गेलं ते शास्त्रज्ञ साध्या भाषेत सांगतात. तुमच्या आयोजकांकडे पहिल्या दिवशी संध्याकाळी अशीच अर्धा तास बैठक मागा, कोकणी-मराठीतून. तरुण डॉक्टरांपैकी कुणीतरी तयार होतोच. लिस्बनला दर दोन वर्षांनी पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर परिषद होते, तिथे तर रुग्ण प्रतिनिधीही तज्ज्ञांच्या पॅनेलवर बसतात. आपल्याकडे लिस्बनचं नाव निघालं की पोर्तुगीज पासपोर्टचीच चर्चा होते, म्हणून सांगितलं.

आकड्यांबाबत मात्र दोन गोष्टी शिकून जा, कारण त्यांच्यावाचून माणूस विनाकारण घाबरतं किंवा विनाकारण हुरळतं.

पहिली. पडद्यावर 'धोका ३० टक्क्यांनी कमी' असं आलं की लगेच मनात विचारा, किती जणींमध्ये? समजा एखाद्या औषधाशिवाय १०० बायकांपैकी १० जणींचा आजार परत येत होता आणि औषधाने तो ७ जणींचा आला. ही ३० टक्के घट झाली. पण १०० पैकी फायदा झाला तो तिघींना. तिघींचा आजार परत न येणं लहान गोष्ट नाही. मात्र त्या औषधाची किंमत आणि त्रास १०० जणींनी सोसला, हेही त्याच तागडीत घालावं लागतं.

दुसरी गोष्ट 'मीडियन' म्हणजे बरोबर मधल्या आकड्याची. मघाचं ते रायबोसिक्लिब. पसरलेल्या कॅन्सरच्या एका मोठ्या अभ्यासात लेट्रोझोलबरोबर रायबोसिक्लिब घेणाऱ्या बायकांचं मीडियन आयुष्य ६३.९ महिने निघालं, नुसतं लेट्रोझोल घेणाऱ्यांचं ५१.४ महिने. असा आकडा पडद्यावर आला की सभागृहातली प्रत्येक पेशंट तो स्वतःला लावून बघते. हे मी किती वेळा पाहिलंय. पण ६३.९ म्हणजे अर्ध्या बायका त्याहून जास्त जगल्या. कुणाही एकीच्या कपाळावर लिहिलेली ती तारीख नसते. शिवाय हा अभ्यास आजार आधीच पसरलेल्या बायकांचा होता. तुमचं लेट्रोझोल आजार परत येऊ नये म्हणून आहे. गोळीचं नाव एकच, प्रश्न वेगळा. 'लेट्रोझोल' शब्द ऐकू आला म्हणून ते तुमच्याबद्दलच बोलतायत असं समजू नका.

आणि एक आकडा मुद्दाम सांगण्यासारखा. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक बायकांवर अभ्यास केला. निम्म्या बायकांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासायच्या. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पन्नाशीआतल्या बायकांमध्ये तसा फायदा दिसला नाही. हेही प्रामाणिकपणे सांगायचं, कारण अर्धा आकडा सांगणारा प्रतिनिधी दुसऱ्यांदा कुणी ऐकत नाही.

आता घरचं. सासूबाई चुकीचं बोलत आहेत असं मला वाटत नाही. गोवा एवढासा. दोनापावलला काढलेला फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि तिसऱ्या दिवशी देवळात कुणीतरी विचारतं. ज्यांनी उघडपणे सांगितलं त्यांना पस्तावा झालाच असं नाही, पण ज्यांना न विचारता फोटो छापला गेला त्यांना झालेला मी पाहिलाय. म्हणून यात मी कुणालाही 'बिनधास्त सांगा' म्हणत नाही. आयोजकांना लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल: माझं पूर्ण नाव वापरायचं की नाही, गाव सांगायचं की नाही, फोटो काढायचा की नाही, व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा की नाही. चारही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. एका गोष्टीला हो आणि बाकी तिन्हींना नको म्हणता येतं. 'गोव्यातल्या एका तालुक्यातली पेशंट' एवढ्या ओळखीवरही उत्तम बोलता येतं.

परवानगी मात्र सासूबाईंच्या आधी मुलीची विचारा. तुमच्या आजाराबरोबर लोक तिच्याबद्दलही बोलणार. स्तनाचे कर्करोग साधारण १०० पैकी ५ ते १० आनुवंशिक असतात, बाकीचे नसतात. पण हे वाक्य वरपक्षाला समजावत बसायचं की नाही, हे तिने ठरवायचं. अनेक मुली म्हणतात, आई, तू बोल, ज्याला चालणार नाही तो नकोच. काही म्हणतात, लग्न होईपर्यंत थांब. दोन्ही ठीक. दुसरं उत्तर आलं तर तुम्ही प्रश्न विचारायला जा, मंचावर जाऊ नका. काम अडत नाही. आनुवंशिक चाचणीचं अजून कुणी तुमच्याशी बोललं नसेल आणि माहेरी आणखी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झालेला असेल, तर ते तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा. परिषदेत नव्हे.

शरीराचं थोडक्यात. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर पिशवी दुसऱ्या हातात. परिषदेत जाडजूड बॅग आणि पुस्तिका देतात, त्या खांद्याला लावून दिवसभर फिरू नका. डिचोलीहून पणजी आणि तिथून दोनापावल, कदंबच्या बसमध्ये उभं राहून वरची दांडी त्याच हाताने धरायची वेळ आली तर संध्याकाळपर्यंत हात जड होतो, म्हणून बसायला जागा मिळेल ती बस पकडा. हाताची सूज रोखणारा घट्ट स्लीव्ह दिलेला असेल तर घाला. लेट्रोझोलने सांधे धरतात, एका जागी तीन तास बसू नका, कडेची खुर्ची घ्या आणि उठून फेऱ्या मारा. हॉटेलांत एसी फार असतो आणि मधेच अंगातून गरम वाफा येतात, तेव्हा पातळ ओढणी किंवा शाल, काढता-घालता येईल अशी. नोंदणीची फी माफ होईल का, जाण्यायेण्याचा खर्च मिळेल का, हे विचारायला संकोचू नका. बोलणाऱ्या डॉक्टरांचा प्रवासखर्च कुणीतरी भरत असतंच, पेशंटने पदरमोड का करावी?

बाहेरच्या स्टॉलांवर जरा सावध. परिषदेला पैसे कुणी दिले आहेत ते पत्रिकेच्या मागच्या पानावर बघा. औषध कंपनीने पैसे दिले म्हणून परिषद वाईट ठरत नाही, पण तिच्याच औषधावरचं सत्र सगळ्यात चांगल्या वेळेला असेल तर ते लक्षात ठेवून ऐकायचं. एखादा मुळी-पावडरवाला 'कॅन्सर मुळासकट' असं सांगत असेल तर पुढे चला. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

एका गोष्टीची तयारी मनाने करून जा. तिथे चौथ्या स्टेजच्या बायका भेटतील. काहीजणी वर्षानुवर्षं औषध घेत कामधंदा सांभाळणाऱ्या, विनोद करणाऱ्या. त्यांच्याकडे बघून तुम्हाला भीती वाटेल, आणि भीती वाटल्याची शरमही वाटेल. उपचार संपून वर्षही न झालेल्या जवळजवळ प्रत्येकीला असं होतं. 'तुम्ही नक्की बऱ्या व्हाल' असं त्यांना म्हणू नका. गावचं विचारा, औषधाचा त्रास कसा सांभाळता विचारा. त्या रात्री झोप लागली नाही तर दुसऱ्या दिवशी अर्धा दिवसच जा, किंवा जाऊच नका. बरोबर कुणीतरी न्याच, शक्यतो नवऱ्यापेक्षा बहीण किंवा मैत्रीण. नवरे अशा ठिकाणी एक तर फार गप्प होतात, नाहीतर डॉक्टरांशी स्वतःच बोलायला लागतात. तुमची केमो आता संपली आहे म्हणून मी जा म्हणते. उपचार चालू असते, पेशी कमी असत्या, किंवा गेल्या महिन्यात स्कॅनमध्ये काही शंकास्पद आलं असतं, तर मी यंदा नको म्हटलं असतं.

परत आल्यावर आठवड्याच्या आत तुमच्या स्वयंसाहाय्य गटात अर्धा तास घ्या. परिषदेचं वर्णन नको, तुमचा तारखांचा कागद दाखवा आणि बाकीच्यांना विचारा, कुणाच्या घरी असं झालंय का. दोन-तीन कागद आणखी मिळाले की तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटता येतं. एका बाईची तारीख म्हणजे तक्रार वाटते. पाच बायकांच्या तारखांना मात्र माहिती म्हणतात आणि तिला उत्तर द्यावं लागतं. संशयास्पद निघालेल्यांपैकी किती जणींची बायोप्सी झाली, हा आकडा तोंडी मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आधी मात्र भेटा. गोव्यात चहा पिऊन सुटणाऱ्या गोष्टी अर्जाने उगाच ताठरतात.

आयोजकांना विषय आणि वेळ बदलून मागायचा फोन या आठवड्यातच करा. पत्रिका छापून झाली की मग त्यांची इच्छा असूनही काही हलत नाही.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, केस अजून आखूड आहेत, विग घालावा का. घरी असेल आणि घातल्यावर बरं वाटत असेल तर घाला. नसेल तर या दोन दिवसांसाठी नवा घेऊ नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात डिचोली ते दोनापावल विग घालून जायचं म्हणजे शिक्षा, आणि त्या सभागृहात आखूड केसांच्या बायका तुम्ही एकट्याच नसाल.